एजंट काम आणून देतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, त्यामुळे 'धन्यवाद, विचार करतो' एवढ्यावर भागवणं मला बरं वाटलं नाही. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पटकथालेखकाने एजंट किंवा मॅनेजर कधी शोधावा यावर मी लिहिलं होतं, आणि हातात एखादा करार येईपर्यंत एजन्सीच्या मागे लागू नये असं म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की ज्याला काम मिळालंच आहे त्याला एजंट कशाला, काम नाही म्हणून तर तो हवा. मी नवोदितांना नाउमेद करतोय. अमेरिकेत मॅनेजर नवख्या लेखकाला हाताशी धरून घडवतात, तसं इथे का होऊ नये? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की पंधरा-वीस टक्के खाणारे हे सगळे दलालच.

या सगळ्याच्या मुळाशी मला एकच समजूत दिसते: एजंट म्हणजे काम आणून देणारा माणूस. ही समजूत घेऊन एजन्सीची पायरी चढणारा लेखक निराश होऊन उतरतो. नवोदितांचं खरं नुकसान तिथे होतं आणि मला ते टाळायचं आहे.

आधी पैशाचा हिशेब करू. समजा एका नवीन लेखकाचं मराठी चित्रपटाचं मानधन ५ लाख ठरलं. आकडा सोयीसाठी घेतोय, अनेकांना यापेक्षा बरंच कमी मिळतं. १५ टक्क्यांनी एजंटचे ७५ हजार झाले. हे पैसे एकरकमी येत नाहीत. सही झाल्यावर थोडे, मग कथाविस्तार, पहिला ड्राफ्ट, दुसरा ड्राफ्ट, आणि शेवटचा हप्ता शूटिंग सुरू झाल्यावर. त्यात दीड-दोन वर्षं सहज जातात, आणि सिनेमा मध्येच बारगळला तर शेवटचे हप्ते कुणालाच मिळत नाहीत. एवढ्यासाठी अनोळखी लेखकाची पटकथा वाचायची, दुरुस्त करून घ्यायची, निर्मात्यांना कथा ऐकवण्याच्या बैठका, म्हणजे नॅरेशन, लावायची आणि महिनोन्‌महिने पाठपुरावा करायचा, हे कुठल्याही एजन्सीला परवडत नाही. त्यामुळे मुंबईतल्या एजन्सींचं लक्ष हिंदी ओटीटी मालिकांकडे आणि मोठ्या चित्रपटांकडे असतं, आणि तिथेही ज्याच्या नावावर आधीच काही आहे अशा लेखकाकडे. तुमच्या मेलला उत्तर येत नाही याचा अर्थ तुमचं लिखाण वाईट आहे असा होत नाही. बहुतेक वेळा ते उघडलंच गेलेलं नसतं.

मग आपल्याकडे नवा लेखक सापडतो कुठे? पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा चालू आहे. मुंबईत चतुरंगची सवाई एकांकिका स्पर्धा दर वर्षी २५ जानेवारीच्या रात्री रंगते. मराठी मालिका आणि चित्रपट लिहिणाऱ्यांची एक मोठी फळी एकांकिकांमधूनच आलेली आहे, कारण तिथे तुमचे संवाद नटांच्या तोंडून ऐकू येतात आणि प्रेक्षागृह कुठे हसलं, कुठे गप्प झालं हे दिग्दर्शकाला तिथल्या तिथे दिसतं. गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या सोबतीने एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार भरतो आणि एनएफडीसीची पटकथालेखन कार्यशाळाही आहे. मालिकेत संवादलेखकाच्या हाताखाली काम करणं हा तर रोजचा रस्ता. या ठिकाणी ओळख मागावी लागत नाही, कामातून होते.

आता ज्या टप्प्यावर एजंट खरोखर लागतो, त्याबद्दल. माझ्या ओळखीच्या एका लेखिकेने मला तिच्या वेबसिरीजचा करार दाखवला होता. निर्मितीसंस्था बऱ्यापैकी नावाजलेली, करार जाडजूड आणि अर्थातच इंग्रजीत. तिची नजर मानधनाच्या आकड्यावर होती आणि आकडा चांगला होता. मेख हप्त्यांच्या तक्त्यात होती. प्रत्येक हप्त्यापुढे 'मंजुरीनंतर' असं लिहिलेलं. मंजुरी कोण देणार, किती दिवसांत देणार, किती वेळा ड्राफ्ट परत लिहून घेणार, याबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे तिने पहिला ड्राफ्ट दिला, समोरच्याने चार महिने वाचला नाही, तर चार महिने पैसे नाहीत. वाचून 'अजून थोडं बघा' म्हटलं, तर पुन्हा पैसे नाहीत. श्रेयाच्या कलमात निर्मात्याचा निर्णय अंतिम. आणि सगळ्यात भयंकर कलम नुकसानभरपाईचं: मालिकेवर कुणीही, कशासाठीही दावा ठोकला तर सगळा खर्च लेखिकेने सोसायचा, त्याला कमाल मर्यादा नाही. दिग्दर्शकाने सेटवर घुसडलेल्या एखाद्या वाक्यावरून कोर्टकचेरी झाली तरी जबाबदार हीच.

तिचा एजंट या कराराला बसला. ड्राफ्ट हाती दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो मंजूर धरावा, असं वाक्य घातलं. फेरलेखन दोनदाच, तिसऱ्या वेळेला वेगळे पैसे. नुकसानभरपाईची जबाबदारी फक्त तिने स्वतः लिहिलेल्या मजकुरापुरती आणि तिला मिळालेल्या मानधनाच्या रकमेपर्यंत. श्रेय नेमकं कुठल्या शब्दांत आणि कुठल्या पाटीवर, हेही लिहून घेतलं. मानधन मात्र एक रुपयाही वाढलं नाही. तरी माझ्या मते त्याने आपले टक्के तिथेच वसूल करून दिले. ही भांडणं ती स्वतः भांडू शकली असती का? कदाचित. पण ज्या माणसासमोर उद्या बसून सीन लिहायचे आहेत त्याच्याशी आज पैशावरून हुज्जत घालणं फार अवघड जातं. ते वाईटपण तिसऱ्या माणसाने घ्यावं, त्यासाठी एजंट असतो.

कायदा आपल्या बाजूला काहीसा आहे, हे फार लेखकांना ठाऊक नसतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार, चित्रपटगृहातलं प्रदर्शन वगळता इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला लेखकाचा समान वाटा लेखकाला सोडूनच देता येत नाही. करारात 'सोडला' असं लिहिलं तरी ते टिकणारं नाही. कलम १९(४) म्हणतं की हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर हस्तांतरण रद्द होतं, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. आता गंमत बघा, छापील करारांत हे कलम लागू होणार नाही असं बहुधा लिहिलेलंच असतं. चांगला एजंट ते वाक्य खोडायला लावतो. ते जमलं नाही तर निदान ठरावीक वर्षांत शूटिंग सुरू झालं नाही तर कथा लेखकाकडे परत येईल, एवढं तरी पदरात पाडून घेतो. एखाद्या निर्मात्याच्या कपाटात कायमच्या अडकलेल्या कथा ज्यांनी पाहिल्यात त्यांना याचं मोल सांगायला नको.

अमेरिकेचं उदाहरण तुम्ही दिलंत ते अर्धं बरोबर आहे. तिथे एजंट आणि मॅनेजर हे दोन वेगळे धंदे आहेत. कॅलिफोर्नियात एजंटला राज्याच्या लेबर कमिशनरचा परवाना लागतो आणि लेखकांचं कमिशन १० टक्क्यांवर थांबतं. मॅनेजरला परवाना लागत नाही. तो १० टक्के, कधी १५ घेतो, मोजके लेखक सांभाळतो, ड्राफ्टवर टिपणं काढतो, स्वतः निर्माताही होऊ शकतो. नवख्या लेखकाला तिथे आधी मॅनेजर भेटतो, हे खरं. पण कायद्याने काम मिळवून देण्याचा अधिकार परवानाधारक एजंटलाच आहे. यावरून झालेला वाद २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आणि मॅनेजरही कोऱ्या पाटीच्या लेखकाला उचलत नाही. हातात दोन-तीन पक्क्या पटकथा हव्यात, त्याही कुणी पैसे न देता स्वतःच्या हिमतीवर लिहिलेल्या. शिवाय एखाद्या स्पर्धेतलं यश किंवा कुणा विश्वासू माणसाची शिफारस. त्यानंतर ज्या भेटीगाठी सुरू होतात त्यात कौतुक होतं, पाण्याची बाटली मिळते आणि बहुतेक वेळा काम मिळत नाही. तिथले लेखक या फेऱ्यांना 'वॉटर बॉटल टूर' म्हणतात ते यामुळेच. तिथली सोय इथे आणायची तर तिथला परवाना, तिथली युनियन आणि युनियनने बांधून घेतलेलं किमान मानधन हेही आणावं लागेल. आपल्याकडे यातलं पहिलं मुळीच नाही. उद्या कुणीही 'रायटर्स मॅनेजमेंट' अशी पाटी लावू शकतो.

दलालीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे माझं मत तुमच्या बरोबर उलट आहे. टक्के घेणारा एजंट तुमचा असतो. तुमचे पैसे वाढले तरच त्याचे वाढतात. धोका सुरू होतो तो त्याचे पैसे दुसरीकडून येऊ लागले की. हॉलिवूडमध्ये नेमकं हेच झालं. मोठ्या एजन्सींनी लेखक, दिग्दर्शक, नट यांची मोट बांधून ती मालिका स्टुडिओला विकायची आणि कमिशनऐवजी स्टुडिओकडूनच पॅकेजिंग फी घ्यायची, अशी पद्धत पडली होती. लेखकाला कमी मिळालं तरी एजन्सीचं काही अडत नव्हतं. एप्रिल २०१९ मध्ये रायटर्स गिल्ड या तिथल्या पटकथालेखकांच्या युनियनच्या सात हजारांहून जास्त सदस्यांनी आपापल्या एजंटना एकदम रामराम केला. एकेक एजन्सी नमत गेली, मोठ्यांपैकी शेवटची फेब्रुवारी २०२१ मध्ये. पॅकेजिंग फी बंद करायचं ठरलं आणि एजन्सीच्या मालकीच्या निर्मितीसंस्थांवर मर्यादा आली. लेखकांनी तिथे १० टक्क्यांविरुद्ध लढा दिला नव्हता. एजंट पुन्हा १० टक्क्यांवर जगावा, यासाठी दिला होता.

म्हणून मुंबईत एजन्सीशी बोलताना टक्क्यांच्या आधी हे विचारा: या प्रोजेक्टमधला दिग्दर्शक किंवा नट तुमच्याकडेच आहे का? तुमची स्वतःची निर्मिती आहे का? असेल तर माझ्या कथेवर तुम्ही निर्माता म्हणून पैसे घेणार की एजंट म्हणून? दोन्ही बाजूंनी घेतो असं उत्तर आलं तर मी सही करणार नाही.

टक्के इथे साधारण १० ते २० च्या दरम्यान असतात. एजन्सी जीएसटीत नोंदलेली असेल तर कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो. वरच्या उदाहरणात ७५ हजारांचे ८८ हजार ५०० होतात. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल तर ते तुमच्या खिशातूनच जातात. टीडीएस कापून उरलेल्या रकमेवर कमिशन की मूळ रकमेवर, पैसे आधी एजन्सीच्या खात्यात येणार की तुमच्या, हेही सहीआधी लिहून घ्या. करार एक वर्षाचा असावा. तुम्ही आधीपासून करत असलेली कामं त्यातून वगळावीत. तुमच्या जुन्या दिग्दर्शकाने बोलावलेल्या मालिकेवर एजंटचा हक्क कशाला? आणि बाहेर पडल्यावर कमिशन किती काळ द्यायचं याला मुदत हवी. त्याने ठरवून दिलेल्या कामावर ते देणं न्याय्य आहे, पण त्याच मालिकेच्या दुसऱ्या-तिसऱ्या पर्वापर्यंत त्याचं नाव चालू राहणार का, हे आजच ठरवा. पटकथा वाचायचे किंवा नाव नोंदवायचे पैसे मागणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. कॅलिफोर्नियात परवानाधारक एजंटला नोंदणी शुल्क घ्यायला कायद्यानेच मनाई आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय की तुमची पटकथा तीन एजन्सींना मेल करू का. पाठवायला हरकत नाही, पण पूर्ण पटकथा पहिल्याच मेलला जोडू नका. वन-लाइनर (एका ओळीत कथा), एक पानाचा सारांश आणि तुमच्याबद्दल चार ओळी पुरेत. त्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या आपल्याकडच्या पटकथालेखकांच्या संघटनेचं सदस्यत्व घ्या आणि पटकथा तिथे ऑनलाइन नोंदवा. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच ते स्पष्ट केलं आहे, त्यामुळे नोंदवताना दोन ओळींची कल्पना न नोंदवता प्रसंग आणि संवादांसकट पूर्ण मजकूर नोंदवा. एजन्सीकडून महिनाभर उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा आणि पुढच्या पटकथेला लागा. मधल्या काळात एखाद्या निर्मात्याने थेट करार पुढे केला, तर तो घेऊन असोसिएशनच्या कायदेविषयक सल्लागाराकडे जा. आणि त्या दिवशी एजन्सीला पुन्हा मेल करा. 'माझ्याकडे या संस्थेचा करार आलाय, वाटाघाटी कराल का?' या ओळीला उत्तर यायची शक्यता आधीच्या मेलपेक्षा कितीतरी जास्त आहे.