टोपीला रक्त दिसतं, विचार नाही

‘दिव्यांची टोपी डोक्यावर घातली की मनातला विचार पडद्यावर दिसतो, पोलिसांनी ती संशयितांना सक्तीने घालावी, आता एमआरआयची गरज संपली.’ हा मजकूर आठवडाभरात मला चार जणांनी पाठवला. यातली टोपी खरी आहे. बाकीचं खरं नाही.

‘विचार दिसतो’ हा दावा आधी घेऊ. टोपीतले दिवे अवरक्त, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा प्रकाश सोडतात. हा प्रकाश कातडी आणि कवटी ओलांडून मेंदूपर्यंत जातो, त्यातला थोडा बाहेर येतो आणि तो मोजता येतो, हे शास्त्रज्ञ फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवलं. रक्तातलं ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि सोडलेलं हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर याच गुणावर चालतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि लागतं त्याहून जास्त ताजं रक्त येतं. टोपी मोजते ती ही भरती. ती शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात, तोवर मन कुठल्या कुठे गेलेलं असतं. कपाळामागचं रक्त वाढलं, एवढ्यावरून माणूस मनात हिशेब करत होता की हप्त्याची काळजी, हे कळत नाही.

मग पोलिसांना संशयिताचं खोटं कसं कळणार? चौकशीला बसलेला निरपराध माणूसही घाबरतो. सक्तीची सूचना तर मला भयंकर वाटते. मेंदूच्या विद्युतलहरी मोजणारी ‘ब्रेन मॅपिंग’ चाचणीसुद्धा संमतीशिवाय करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावलं आहे.

एमआरआयचं म्हणाल, तर मोठ्या माणसाच्या डोक्यात हा प्रकाश कातडीपासून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर आतलं सांगतो. खोलवरची गाठ त्याला दिसत नाही. दाट काळे केसही बराच प्रकाश गिळतात. मोजणीआधी काडीने भांग पाडत ते बाजूला सारावे लागतात.

तंत्राचं खरं मोल मात्र त्या मजकुरात आलंच नाही. तान्ह्या बाळाची कवटी पातळ असते, त्याला एमआरआयच्या नळीत निश्चल झोपवणं अवघड असतं. टोपी मात्र आईच्या मांडीवरही घालता येते. बाळ आईचा आवाज ऐकत असताना मेंदूच्या कुठल्या भागात रक्त वाढतं, हे तिच्यामुळे सुई न टोचता पाहता येतं.