बिडी सुटते हो, पण कोठ्याचं काय?

जेवताना मोबाईल पाहायची सवय असलेल्यांनी ही पोस्ट हात धुतल्यावर वाचा. विषय संडासाचा आहे.

येत्या पोळ्याला मी बिडी फेकली त्याला वर्ष होईल. त्याआधी २२ वर्षं ओढली. मागच्या करीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, सकाळी पोरं 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडत गावाबाहेर निघाली, तसा मीही त्यांच्या मागं गेलो आणि खिशातला बिड्यांचा अर्धा कट्टा फेकून आलो. माय खूश, बायको खूश. बिडी सोडणाऱ्यांच्या गोष्टी बहुतेक इथंच संपतात. माझी तक्रार तीच आहे. त्यानंतरच्या महिन्यात पोटात काय होते, ते कोणी सांगत नाही.

माझं पोट आधीच बारा भानगडींचं. सहा वर्षं झाली. कधी चार दिवस कोठा जड, तर कधी एकाच सकाळी चार चकरा, आणि मरोड तर दोन्हीकडून. नागपूरला दुर्बीण घालून पाहिलं. सूज नाही, जखम नाही. डॉक्टर म्हणाले, आयबीएस. आतडं दिसायला चांगलं, पण त्याची चाल बिघडलेली. गावात याला कोणी संग्रहणी म्हणते, कोणी म्हणते "तू लय इचार करतं बे". रिपोर्ट साफ आला म्हणजे दुखणंही खोटं, असा आपल्याकडचा हिशेब.

या पोटाची किल्ली होती सकाळची पहिली बिडी. १२,००० रुपये अनुदानातून बांधलेला आमचा संडास. त्याच्या झरोक्याच्या काठावर बिड्या विझवल्याचे काळे डाग ओळीनं आहेत, अजूनही. पाच वाजता बसायचं, चार झुरके मारायचे, काम फत्ते. बिडी मधेमधे विझते म्हणून जोर लावून ओढावी लागते. तो जोर थेट पोटात उतरते असं मला वाटे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. निकोटीन आतड्याला हलवते. म्हणून तर सोडल्यावर कितीतरी लोकांचा कोठा बसते. ज्याचं आतडं आधीच लहरी, त्याचं तर विचारूच नका.

आठव्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. आंबील, कढी, पुरणपोळी, सोळा भाज्या. चार दिवसांपासून पोट साफ नाही, आणि मायनं वाढलेलं ताट नाही म्हणता येत नाही. चण्याच्या डाळीचं पुरण म्हणजे माझ्यासारख्याच्या पोटात गॅसचा कारखाना. रात्री पोट ढोलासारखं. दोन वाजता उठलो, आतेभावाच्या टांगलेल्या शर्टातून एक बिडी काढली, संडासात बसून ओढली. पाच मिनिटांत मोकळा. खरं सांगतो, त्या रात्री बिडी ओढल्याची लाज वाटली नाही. उलट वाटलं, साला हेच औषध, आणि लोक आपल्याला उगाच छळून राहिले.

म्हणून 'मन घट्ट करा' म्हणणाऱ्यांचा मला राग येते. छातीचा डॉक्टर म्हणते बिडी सोड. पोटाचा डॉक्टर म्हणते टेन्शन घेऊ नको. एकाच आठवड्यात दोन्ही कसं करायचं, ते दोघांनी एकत्र बसून सांगा ना! तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असते, मग तीन-चार आठवड्यांत ओसरते. कोठा बसणं त्याच हिशेबातलं आहे, कायमचं नाही. एवढं एक वाक्य मला आधी कोणी सांगितलं असतं, तर आतेभावाचा शर्ट वाचला असता.

दुसऱ्या दिवसापासून मोजणी परत शून्यावरून. या खेपेला बिडीच्या आधी पोटाची सोय केली. रात्री कोमट पाण्यात चमचाभर इसबगोल, सुरुवातीला अर्धाच, वरून आणखी गिलासभर पाणी. जेवणात ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. जवस आमच्याकडे कोणाच्या घरी नसते? मायनं लसूण न टाकता कुटून दिली, कारण कांदा-लसूण मला सोसत नाही. कुणीतरी गव्हाचा कोंडा खा म्हणालं, त्यानं मरोड वाढली, तो बंद. तुरीचं वरण पातळ आणि थोडंच. आणि भूक असो-नसो, सकाळी काहीतरी खाऊन त्याच वेळी जाऊन बसायचं. पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हलते. हे काम बिडीशिवायही होते, हे मला ४३ व्या वर्षी कळलं.

चहाची गोष्ट तर गंमतच आहे. धूर बंद झाला की शरीर कॅफिन हळू जिरवते. म्हणजे तेवढाच चहा जास्त चढते. मी बिडी सोडली आणि तलफ मारायला सहाचे आठ कप केले! हात थरथर, झोप नाही, पोटात कालवाकालव. तीन कपांवर आलो तेव्हा निम्मी चिडचिड गेली, असं बायकोचं म्हणणं. (माझं म्हणणं, मी चिडतच नव्हतो.)

निकोटीनचं २ मिलिग्रॅमचं गमही आणलं. बबलगमसारखं कचाकचा चावलं आणि उचक्यांनी बेजार झालो. ते चार-पाचदा चावून, तिखट लागलं की गालात दाबून ठेवायचं असते. लाळ गिळत राहिलं की जळजळ. शिवाय बिनसाखरेच्या गममध्ये सॉर्बिटॉल असू शकते, ते आयबीएसवाल्याचं पोट फुगवते. पाकिटामागं वाचा. बिडी-सिगारेटच्या पाकिटांवर तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबरही छापलेला असते, त्यावर बोलून मला बरं वाटलं.

पानठेल्यावरचा सल्ला मात्र ठरलेला. "बिडी सोडली ना भाऊ? मंग खर्रा घे, धूर तं नाही." असं म्हणत पन्नीत सुपारी-तंबाखू घोटायला सुरुवातही. आपल्या राज्यात २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत ओढणारे ३.८ टक्के निघाले, आणि तोंडात धरणारे २४.४. निकोटीन तेच, पोटात जाणारा रस वेगळा, आणि तोंडाच्या कॅन्सरची वाट मोकळी. गुटखाबंदी २०१२ पासून आहे म्हणे.

एक गोष्ट मस्करीत नाही सांगत. शौचातून रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीच्या आसपास नव्यानं सुरू झालेला त्रास, यातलं काही असेल तर बिडीला किंवा आयबीएसला दोष देत बसू नका, आधी तपासून घ्या.

घटस्थापनेपर्यंत माझा कोठा जागेवर आला. आयबीएस गेलं नाही. बिडी सोडल्यानं ते जाईल असं मला कोणी सांगितलंही नव्हतं. परवा कापसाच्या गाडीसोबत बाजार समितीत गेलो, भाव ऐकला आणि मरोड आली. समोर पानठेला, त्याला दोरीनं टांगलेला लायटर. ठेलेवाल्यानं सवयीनं कट्टा पुढं केला. मी त्याला विचारलं, "इथं संडास कुठं आहे गा?"