नवे कोडे घेण्याआधी: एका आक्षेपाला उत्तर

आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. सुडोकूत अडल्यावर अंदाजाने अंक भरू नये आणि लगेच नव्या कोड्याकडे वळू नये, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, अंदाज करून विसंगती दाखवणे हेही तर्कशास्त्रच आहे आणि कमीत कमी अंक दिलेली कोडी भरपूर सोडवणे हाच पुढे जाण्याचा मार्ग आहे.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. माझे विधान सरसकट होते. एखाद्या घरात ४ किंवा ७ एवढेच शक्य असतील आणि ४ मांडल्यावर एका ओळीत ९ दोनदा येत असेल, तर तेथे ७ च असला पाहिजे, ही सिद्धता निर्दोष आहे. परंतु ४ मांडून कोडे सुटलेच, तर उत्तर मिळते, ७ का नको ते मात्र कळत नाही. माझा विरोध या दुसऱ्या प्रकाराला आहे.

दिलेल्या अंकांच्या संख्येवरून काठिण्य ठरत नाही. १७ पेक्षा कमी अंकांत एकमेव उत्तराचे कोडे होऊच शकत नाही, हे डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखवले. पण १७ अंकांची कितीतरी कोडी अगदी प्राथमिक युक्त्यांनी सुटतात.

सरावाचे म्हणाल, तर मी स्वतः कित्येक महिने रोज कोडी सोडवत होतो आणि अडायचो तेथेच अडत होतो. शक्यता बारीक अक्षरांत लिहून झाल्या की मी फक्त 'या घरात कोणते अंक?' एवढेच पाहत असे. 'या अंकाला कोणती घरे?' हा प्रश्न मागे पडत असे. समजा, नऊ घरांच्या (३×३) एका चौकोनातील पाच रिकाम्या घरांत अनुक्रमे २-४-५-९, २-५-८-९, ४-५-८, ५-८ आणि ४-५ अशा शक्यता आहेत. पहिली दोन घरे गजबजलेली दिसतात, म्हणून नजर तेथे ठरत नाही. पण २ आणि ९ यांना त्या दोन घरांखेरीज जागाच नाही, हे लक्षात येताच तेथील ४, ५ आणि ८ खोडता येतात. एक्स-विंग ही युक्तीसुद्धा हाच प्रश्न दोन ओळींना एकदम विचारते: दोन आडव्या ओळींत ५ ला त्याच दोन उभ्या ओळींतली घरे उरली असतील, तर त्या उभ्या ओळींतल्या इतर घरांतून ५ बाद होतो. नावे पाठ करण्याचा आपल्याला कंटाळा आहे, तो मला समजतो. हा प्रश्न अंगवळणी पडला, तर नावांवाचून काही अडत नाही.

म्हणूनच अडलेली स्थिती कागदावर उतरवून ठेवावी आणि उत्तर कळल्यावर तिच्याकडेच परत येऊन कोणते पाऊल निसटले ते शोधावे, असा माझा आग्रह आहे. अंदाजाशिवाय सुटलेच नाही असे जे कोडे आपण सांगता, ते अडलेल्या स्थितीत जरूर पाठवा. १ पासून ९ पर्यंत एकेक अंक घेऊन आपण ते दोघे मिळून पाहू.