कंपनीच्या ब्लॉगवर नवीन पोस्ट टाकायच्या आधी जुन्या उघडून बघा ना

गेली बरीच वर्षं मी कंपन्यांच्या वेबसाईटसाठी लिहितेय आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी तेच बघितलंय, पहिल्या महिन्यात आठ पोस्ट, दुसऱ्यात तीन, मग ऑफिसच्या वर्धापनदिनाचे फोटो आणि त्यानंतर शुकशुकाट. मग कधीतरी मीटिंगमध्ये कुणाला तरी आठवण येते आणि फर्मान निघतं, आठवड्याला दोन पोस्ट झाल्याच पाहिजेत. कशावर लिहायचं, कुणासाठी, हे कुणीच विचारत नाही!

पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा ब्लॉग माझ्याकडे आला तेव्हा त्यावर 'उद्योगात नावीन्याचं महत्त्व' छापाचे लेख होते. मी दोन दिवस त्यांच्या सर्व्हिसचे फोन घेणाऱ्या ताईंच्या शेजारी बसले. त्यांच्याकडे एक वही होती, कोण काय विचारतं ते त्या लिहून ठेवायच्या. पानापानावर एकच तक्रार, मोटर फिरते पण पाणी वर चढत नाही. त्या फोनवर शांतपणे सांगायच्या, आधी पंप बंद करा, प्रायमिंगचं, म्हणजे पंपात पाणी भरायचं, झाकण उघडा, आत पाणी दिसतंय का बघा, नसेल तर भरा, आणि परत परत उतरत असेल तर खालचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, गळतोय किंवा पाईपात हवा शिरतेय. मी तेच त्यांच्याच शब्दांत लिहिलं, झाकणाचा जवळून काढलेला फोटो लावला, बस. पुढे तीच पोस्ट सगळ्यात जास्त वाचली गेली.

पण खरं दुखणं पुढे आहे. मधली दोन वर्षं ते काम माझ्याकडे नव्हतं. परत आलं तेव्हा बघते तर त्या पोस्टमधलं पंपाचं मॉडेल बंद झालेलं आणि खाली दिलेला हेल्पलाईन नंबर कधीचा बदललेला. म्हणजे पाणी नाही म्हणून वैतागलेला माणूस आपल्या पानावर येतोय, नंबर फिरवतोय आणि तो लागतच नाही. मला अक्षरशः वाईट वाटलं, कारण शेवटी माझ्याच शब्दांवर विश्वास ठेवून त्याने तो नंबर फिरवला होता.

म्हणून सांगते, नवीन लिहायच्या आधी सर्च कन्सोल उघडा, म्हणजे आपली साईट गूगल सर्चमध्ये कशी दिसते ते सांगणारं गूगलचं टूल. फुकट आहे आणि मागच्या 16 महिन्यांचा डेटा दाखवतं. कुठल्या पानावर लोक येतात, काय टाईप करून येतात ते बघा. सर्चमध्ये पान दिसतं खूप पण क्लिक कमी, तर शीर्षक तपासा. लोक विचारतात एक आणि पानावर उत्तर दुसऱ्याच गोष्टीचं, तर तेवढा भाग लिहा. एकाच विषयावर तीन पोस्ट झाल्या असतील तर त्यातली चांगली ठेवून बाकीच्यांतलं कामाचं तिच्यात घ्या आणि जुन्या लिंकवरून 301 रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुनी लिंक उघडणारा आपोआप नव्या पानावर जातो, नुसतं डिलीट करून लोकांना 404 वर, म्हणजे 'पान सापडलं नाही' वर, सोडू नका. आणि मजकूर तसाच ठेवून फक्त तारीख बदलायची, हे तर कृपा करून करूच नका. असं करताय का, हा प्रश्न गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनातच विचारलाय.

शब्दसंख्येचंही तेच, दीड हजार शब्द पाहिजेतच असा हट्ट धरणारे भेटतात, पण गूगल स्वतः म्हणतं की आम्हाला ठराविक शब्दसंख्या लागत नाही. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शोधशब्दांची यादी, आम्ही रँकिंगसाठी, म्हणजे सर्चमध्ये पान किती वर दाखवायचं ते ठरवायला, वापरत नाही हे त्यांनी 2009 मध्येच सांगितलंय, तरी तो भरून घेणारे अजून आहेत.

आता एआयने दिवसाला पन्नास पोस्ट पाडता येतात म्हणून कंपन्या खूश आहेत. मार्च 2024 मध्ये गूगलने नियम केला की रँकिंगसाठी घाऊक बनवलेला, वाचणाऱ्याच्या उपयोगाचा नसलेला मजकूर स्पॅम धरला जाईल, मग तो माणसाने लिहिलेला असो की मशीनने. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये त्यांनी दर्जाच्या निकषांत 'अनुभव' हा शब्द वाढवला होता. तो अनुभव त्या ताईंच्या वहीत आहे हो, मार्केटिंगच्या कॅलेंडरमध्ये कुठून येणार?

या महिन्यात त्या कंपनीसाठी मी एकही नवीन पोस्ट लिहिली नाही. सतरा जुन्या तपासायला घेतल्यात, अकरा दुरुस्त झाल्या, दोन एकत्र केल्या, चार राहिल्यात. हेल्पलाईन नंबर आता प्रत्येक पोस्टमध्ये हाताने टाईप करत नाही, एकाच ठिकाणी ठेवलाय, तिथे बदलला की सगळीकडे बदलतो. आणि दर सोमवारी ताई मला वहीच्या नव्या पानांचे फोटो पाठवतात.