वेबव्हॅनच्या गोदामातून निघालेले रोबो

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधून जाणाऱ्या ८८० हायवेच्या कडेला एक प्रचंड कारखाना आहे. आता त्यावर हार्ड डिस्क बनवणाऱ्या सीगेटचा ताबा आहे, पण इथली जुनी माणसं अजून त्याला 'सोलिंड्रा'च म्हणतात. मे २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा तिथे भाषण करून गेले होते. या सौरऊर्जा कंपनीच्या ५३.५ कोटी डॉलर कर्जाला सरकारची हमी होती. पुढच्या वर्षी, ऑगस्टअखेर, जवळपास ११०० माणसं एका दिवसात घरी बसली.

हे आठवायचं कारण भारतातला एक वाद. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या स्टार्टअप महाकुंभात वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी विचारलं, की आपण डिलिव्हरी बॉय आणि गर्ल होण्यातच समाधान मानणार का? चिनी कंपन्या इलेक्ट्रिक गाड्या, बॅटऱ्या, चिप्सच्या मागे आणि आपल्या कंपन्या भारी आइस्क्रीम-कुकीजच्या मागे, असा एकूण सूर. आमच्या घरच्या ग्रुपवर मेहुण्यांनी तो व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, 'अगदी बरोबर बोलले.' त्यांचाच मुलगा अशा एका डिलिव्हरी कंपनीत काम करतो. उद्या कुठल्या गोदामात किती दूध लागेल याचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर लिहितो. त्याने साधा अंगठाही दिला नाही.

मंत्र्यांचा राग मला समजतो. पण डिलिव्हरी म्हणजे पोरखेळ आणि डीप टेक, म्हणजे मूलभूत संशोधनावर उभं राहणारं तंत्रज्ञान, हाच पुरुषार्थ, ही वाटणी मी इथे राहून जे पाहिलं त्याच्याशी जुळत नाही.

वेबव्हॅन आठवते का? घरबसल्या किराणा मागवा, ठरलेल्या अर्ध्या तासात दारात पोचेल, हे वचन घेऊन ती नोव्हेंबर १९९९ मध्ये शेअर बाजारात उतरली. ऑकलंडमध्ये ३,३०,००० चौरस फुटांचं यांत्रिक गोदाम, तसली २६ गोदामं उभारायचा बेक्टेल या बांधकाम कंपनीशी १०० कोटी डॉलरचा करार. अँडरसन कन्सल्टिंग या बड्या सल्लागार कंपनीचं प्रमुखपद सोडून जॉर्ज शाहीन तिथे आले. गिऱ्हाइकं मात्र त्या आकाराच्या गोदामाला पुरतील इतकी कधीच आली नाहीत. जुलै २००१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, २००० जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्याआधी तीन महिने राजीनामा दिलेल्या शाहीनना करारानुसार तहहयात वर्षाला ३,७५,००० डॉलर मिळायचे होते. दिवाळखोरीनंतर तेही बाकी धनकोंच्या रांगेत.

गोष्ट इथे संपत नाही. तिथे काम केलेले मिक माउंट्झ एका प्रश्नाने पछाडले होते: एकेका ऑर्डरचं सामान गोळा करायला इतका खर्च का येतो? माणसाने कपाटाकडे जाण्याऐवजी कपाटच माणसाकडे आलं तर? रोबोशास्त्र जाणणाऱ्या दोघांना, पीटर वुर्मन आणि राफाएलो डी'आंद्रेआ यांना, सोबत घेऊन त्यांनी किवा सिस्टिम्स काढली. २०१२ मध्ये अॅमेझॉनने ती ७७.५ कोटी डॉलरना घेतली. आज अॅमेझॉनच्या गोदामांत शेल्फ उचलून फिरणाऱ्या यंत्रांचं मूळ तिथे आहे. वेबव्हॅनमधलेच डग हेरिंग्टन अॅमेझॉनमध्ये गेले आणि पुढे तिथल्या साऱ्या दुकानव्यवसायाचे प्रमुख झाले.

म्हणजे किराणा पोचवणाऱ्या बुडीत कंपनीतून रोबो निघाले. आणि अस्सल डीप टेक सोलिंड्रातून? काचेच्या नळ्यांवर पातळ थर देऊन महागडं सिलिकॉन टाळायचं, ही त्यांची युक्ती. सिलिकॉन महाग होतं तोवर हिशेब ठीक होता. मग सिलिकॉनचे भाव कोसळले, चिनी पॅनेल स्वस्त झाली आणि युक्तीला अर्थच उरला नाही. (कर्ज मिळवताना कंपनीने सरकारला दिशाभूल करणारी माहिती दिली, असं पुढे २०१५ मध्ये सरकारी तपासात निघालं.) उरलेल्या नळ्यांपैकी काही बर्कलीच्या बॉटॅनिकल गार्डनमध्ये एका कलाकृतीत लागल्या होत्या. अंधाऱ्या खोपट्याच्या भिंतीत ओळीने खोचलेल्या नळ्या आणि त्यांतून झिरपणारा निळसर उजेड. फार सुंदर दिसायचं. करदात्याला पडलं ते जरा महागात.

उलट बाजूही सांगायला हवी. सोलिंड्राच्या कर्जाला हमी देणाऱ्या अमेरिकी ऊर्जा खात्यानेच टेस्लाला ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं आणि २०१३ मध्ये ते मुदतीआधी फेडलं गेलं. टेस्लाचा कारखानाही फ्रीमाँटमध्येच, सोलिंड्रापासून काही मैलांवर. २०१० साली या दोघांतली कुठली टिकणार हे मला तरी सांगता आलं नसतं, आणि ज्यांना आज सांगता येतं त्यांनाही तेव्हा आलं नसतं.

भारतातल्या वादात कंपनी जिवंत की मेली एवढीच नोंद होते. शिकवण्यांची बायजूज २२ अब्ज डॉलरवरून दिवाळखोरीत, घरपोच सामान देणारी डन्झो बंद, की झाला निकाल. बायजूजचा मामला वेगळा आहे, तिथे पैसा कुठे गेला यावर अमेरिकेत डेलावेअरच्या कोर्टात झगडा आहे. ते प्रकरण वेबव्हॅनच्या शेजारी मांडू नये, आणि रक्ततपासणीच्या खोट्या दाव्यांवर उभ्या राहिलेल्या थेरानोसचंही नाही. पण डन्झोचं काय? २०२३ मध्ये तिथे पगार रखडले, ते वाईटच. तरी शहरभर माणसं आणि वस्तू पळवण्याचं जे शहाणपण त्या मंडळींनी कमावलं ते कंपनीबरोबर पुरलं गेलं नाही. संस्थापक कबीर बिस्वास फ्लिपकार्टच्या 'मिनिट्स' या झटपट डिलिव्हरी सेवेत गेले. ग्रेऑरेंज ही गोदामातले रोबो बनवणारी भारतीय कंपनी उभी राहत होती तेव्हा तिचं गिऱ्हाईक कोण होतं? फ्लिपकार्ट.

कॅलिफोर्नियात 'आमच्याकडून गेलास तर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नकोस' असा करार कोर्टात टिकत नाही, त्यामुळे माणसं मोकळी फिरतात, हे इथे अभिमानाने सांगतात. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ जवळपास तेच सांगतं. तेव्हा कायद्याचं निमित्त नको. माउंट्झना रोबोशास्त्राचे प्राध्यापक भेटले, तसे आपल्याकडे किती भेटतील, हा खरा प्रश्न. तिथे मंत्र्यांचं निम्मं म्हणणं मला पटतं. फक्त तो सवाल त्यांनी सायकलवरच्या पोराला न विचारता विद्यापीठांना आणि स्वतःच्या सरकारला विचारावा.

इथेही सगळं गोड नाही. अमेरिकेत अपयशाचं कौतुक होतं म्हणणाऱ्यांनी एच-१बी व्हिसावरच्या माणसाला गाठावं. नोकरी गेली की हातात ६० दिवस. २००९ साली माझी कंपनी बंद झाली तेव्हा माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं म्हणून मी तिच्या सामानाच्या लिलावात मजेत फिरू शकलो. शेअर ऑप्शन्सची किंमत शून्य झाली होती. मी १० डॉलरला एक व्हाइटबोर्ड घेतला. त्यावर कुणीतरी न पुसणाऱ्या मार्करने लिहिलंय, 'बीटा : अजून ३ आठवडे'. तो गॅरेजमध्ये आहे.

परवा व्हिडिओ कॉलवर भाच्याला तो मागे दिसला. "मामा, हे काय होतं? आणि चुकलं कुठे?" चुकलं कुठे, हे मला घरातल्या कुणी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो, तो मध्येमध्ये अडवून आकडे विचारायला लागला. पाऊण तासाने मागून मेहुण्यांचा आवाज आला, "अजून चालूच आहे का?"