दुधात दारू उतरत नाही, काळजी बुरशीची घ्या

इंदूरमधल्या आपल्या मराठी गटांत एक संदेश फिरतोय: 'इथेनॉल कारखान्यातला दारूचा चोथा गाईंना घालतात, ती दारू दुधात उतरते, मुलांना दूध देऊ नका.' हे खरं नाही. यापायी कुणाच्या लेकराचं दूध तुटू नये, म्हणून हा खुलासा.

मका किंवा तांदूळ आंबवताना त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि यीस्ट ती संपवतं. ऊर्ध्वपातनात अल्कोहोल निघून जातं आणि उरलेला चोथा वाळवून 'डीडीजीएस' म्हणून विकला जातो. मक्याच्या चोथ्यात साधारण 26 ते 30 टक्के प्रथिनं असतात, त्यामुळे आपल्या माळव्यातल्या सोयापेंडीच्या जागी तो काही प्रमाणात चालतो.

खऱ्या धोक्याबद्दल मात्र संदेशात अवाक्षर नाही. स्टार्च गेल्यावर धान्याचा सुमारे तिसरा हिस्साच उरतो, पण धान्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष नष्ट होत नाही. ते जवळपास तिप्पट दाट होतं. त्याचा थोडा अंश अफ्लाटॉक्सिन एम-1 होऊन दुधात येतो आणि दूध उकळूनही जात नाही. भारतात दुधासाठी त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे.

गोठेवाल्यांनी मालासोबत अफ्लाटॉक्सिनचा तपासणी अहवाल मागावाच. ओला चोथा उन्हाळ्यात काही दिवसांतच खराब होतो. बुरशी दिसली तर जनावरापुढे टाकू नका.