करपलेल्या लॉनला युरिया का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. उन्हाने करपलेल्या लॉनला युरिया घालू नका, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही विचारता की गवत आधीच मरायला टेकलंय, त्याला उपाशी ठेवून ते सुधारणार कसं? रोज संध्याकाळी पाणी शिंपडूनही रंग तपकिरीच, म्हणून आता सगळं उखडून नवी लॉन घालायचं तुमच्या मनात आहे.

खताबद्दलचं मत मी बदलत नाही. तुमचं गवत उपाशी नाही, तहानलेलं आहे. युरियातलं नत्र मिळालं की ते पानं फोडायला लागतं. म्हणजे पाणी उडवणारी पानं वाढतात आणि ते पुरवणारी मुळं मात्र तेवढीच राहतात. त्यात कोरड्या मातीत खताची तीव्रता वाढली की मुळांना पाणी ओढणं आणखी जड जातं. युरियाने लॉन जळते ती अशी.

आणि ते मरायला टेकलंय हे ठरवलं कशावरून? रंगावरून ठरवू नका. कडक उन्हात गवत पानं वाळू देतं आणि जीव बुंध्यात राखून ठेवतं. मूठभर गवत धरून ओढा. घट्ट राहिलं तर बुंधा नखाने सोलून बघा. आत पांढरट आणि टणक असेल तर ते जिवंत आहे, तपकिरी आणि ठिसूळ असेल तर गेलं. पण अख्खा तुकडा चटईसारखा सुटून हातात आला, तर खालची माती उकरा. तिथे हुमणी ही पांढरी अळी सापडली तर उन्हाला बोल लावण्यात अर्थ नाही, मुळं तिनेच खाल्लीत.

खरी गडबड मला तुमच्या रोजच्या शिंपडण्यात दिसते. त्याने वरचा पापुद्रा तेवढा भिजतो, मुळंही मग वरच घुटमळतात. शिवाय पानं रात्रभर ओली राहिली की बुरशीला आयतं निमंत्रण. त्यापेक्षा पहाटे, आठवड्यातून दोनदा, पण भरपूर पाणी द्या. आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला 25 लिटर. फार वाळलेली माती पाणी झिडकारते, ते वरून वाहून जातं. तेव्हा थोडं द्या, अर्धा तास थांबा, पुन्हा द्या. नंतर स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. 15 सेंटिमीटर सहज गेला तर ओल पोचली.

कापणी तूर्त बंद. नव्या लॉनचं म्हणाल, तर मुळं न धरलेल्या गवताला याच उन्हात आहे त्याहून जास्त पाणी लागेल.

हरळी असेल तर मेलेले तुकडे आजूबाजूच्या आडव्या खोडांनी भरून निघतात. टॉल फेस्क्यू हे थंड हवेतलं गवत झुपक्यांनी वाढतं, तिथे बी टाकावंच लागेल, तेही हवा थंडावल्यावर. गवत पुन्हा वाढीला लागून एकदोन कापण्या झाल्या की हलका हात ठेवून खत खुशाल द्या. तुमच्याकडचं गवत यातलं कुठलं, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा.